विमानातून पाकीट टाकलं, पडेल कुठे? गणित असं सोडवा

भाची ऐरोलीला असते, अकरावी सायन्स. परवा तिची वही बघितली तर विमान चाललंय उजवीकडे आणि पाकीट बाईसाहेबांनी सरळ खाली सोडलेलं, विहिरीत बादली सोडल्यासारखं. म्हटलं, अगं वाशीच्या खाडीपुलावर लोकलच्या दारातून निर्माल्याची पिशवी टाकतात ते बघितलंयस ना, हातातून सुटली तरी ती गाडीच्या वेगाने पुढे जातच असते (वारा तिला मागे ढकलतो ते सोड, परीक्षेत वारा नसतो). तसंच पाकिटाचं. सुटताना आडवा वेग विमानाचा असतो तोच, शून्य असतो तो उभा वेग. मार्क जातात ते इथेच.

आता गणित घ्या. विमान जमिनीला समांतर, ताशी ३६० किमी, उंची ४९० मीटर. आधी ३६० ला ५ ने गुणून १८ ने भागा, १०० मीटर पर सेकंद आले. मग पानावर मधोमध उभी रेघ मारा, एकीकडे आडवं, दुसरीकडे उभं, आणि इकडचा आकडा तिकडे न्यायचा नाही, फक्त टाइम न्यायचा कारण तो दोन्हीकडे एकच. उभ्या बाजूला उंची = अर्धा जी टी स्क्वेअर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाने दर सेकंदाला वाढणारा वेग, ९.८; टी म्हणजे टाइम), ४९० = ४.९ टी स्क्वेअर, टी आला १० सेकंद. आडव्या बाजूला नुसता गुणाकार, १०० × १० = १००० मीटर. तिथे जी घुसवायचा नाही.

आदळतानाचा वेग विचारला तर उभा ९.८ × १० = ९८, आडवा १०० तसाच, दोघांच्या स्क्वेअरची बेरीज करून रूट, साधारण १४०. नुसते ९८ लिहून मोकळं होऊ नका. आणि तेव्हा विमान कुठे? वेग-दिशा बदलली नसेल तर बरोबर पाकिटाच्या डोक्यावर, म्हणून तर पायलटला ते सरळ खाली जाताना दिसतं आणि पॅराबोला (खाली वळत जाणारा बाक) दिसतो तो जमिनीवरच्या माणसाला.

खरी गंमत हेलिकॉप्टर सरळ वर चढत असलं की. स्पीड ५ मीटर पर सेकंद, उंची ६० मीटर, वस्तू सुटली, तर ती आधी थोडी वरच जाणार. खालची दिशा प्लस धरलीत तर सुरुवातीचा वेग मायनस ५. जी १० घ्या, ६० = −५ टी + ५ टी स्क्वेअर, सगळं ५ ने भागलं की टी स्क्वेअर − टी − १२ = ०, टी ४ किंवा −३, घ्यायचे ४ सेकंद. भाची मायनस विसरली, तिचं उत्तर अगदी स्वच्छ ३ आलं, ऑप्शनमध्येही ३ होतेच, तिने खुशाल टिक केलं.