लाइटिंग कन्सोल: क्यू बिघडवणाऱ्या या चुका टाळा

नको असलेला लाइट लागला की बरेच ऑपरेटर तो चॅनल (कन्सोलवर त्या लाइटला दिलेला क्रमांक) निवडतात, शून्यावर आणतात, रेकॉर्ड दाबतात आणि पुढे सरकतात. घोळ इथूनच सुरू होतो. ती लेव्हल, म्हणजे प्रकाशाची पातळी, क्यूमधून (साठवलेल्या प्रकाशस्थितीतून) आली, एखाद्या सबमास्टरमधून (लाइटांचा गट वर-खाली करणाऱ्या फेडरमधून), की कुणी हाताने दिली, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ईटीसीच्या इऑस कन्सोलवर यासाठी 'अबाउट' नावाचं बटण आहे. ते दाबून चॅनल निवडला की लेव्हल कुठून येते आहे ते स्क्रीनवर दिसतं. आधी ते पाहा, मग हात लावा.

चॅनल कशालाच दाद देत नसेल, तर तो पार्क केलेला, म्हणजे एका लेव्हलवर अडकवून ठेवलेला असू शकतो. फोकस करताना कुणीतरी सोयीसाठी लाइट पार्क करतं आणि तसाच सोडून जातं. मग क्यू बदला, सबमास्टर खाली घ्या, तो जागचा हलत नाही. आणि काहीच लागत नसेल, तर ग्रँडमास्टर (सगळ्या लाइटांचा मुख्य फेडर) पूर्ण वर आहे का आणि ब्लॅकआउटचं बटण दाबलेलं राहिलंय का, एवढं आधी पाहून घ्या.

ट्रॅकिंग समजून न घेणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. ट्रॅकिंग म्हणजे एका क्यूत दिलेली लेव्हल, नवी मिळेपर्यंत, पुढच्या क्यूंमध्ये तशीच वाहत राहणं. समजा, क्यू 15 मध्ये दिग्दर्शकाने मागचा निळा लाइट कमी करायला सांगितला. तुम्ही तो 60 वरून 30 वर आणला आणि रेकॉर्ड केलं. क्यू 16, 17, 18 मध्ये त्या चॅनलला वेगळी लेव्हल दिलेली नसेल, तर तिथेही तो 30 वरच राहणार. क्यू 17 ला कुणाच्या तरी लक्षात येतं, तुम्ही फक्त 17 दुरुस्त करता, आणि आता नवा आकडा 18 च्या पुढे वाहू लागतो. बदल तेवढ्याच क्यूपुरता हवा असेल तर रेकॉर्ड करताना 'क्यू ओन्ली' वापरा. पण प्रत्येक वेळी सवयीने तेच दाबणंही चुकीचं. पूर्ण प्रवेशाचा रंग बदलायचा असेल, तर बदल पुढे वाहायलाच हवा.

प्रवेशाच्या पहिल्या क्यूला ब्लॉक लावून ठेवा, म्हणजे आधीच्या प्रवेशातल्या दुरुस्त्या तिथे अडतात. सरसकट सगळ्या क्यूंना ब्लॉक लावू नका, नाहीतर ट्रॅकिंगचा उपयोगच संपतो. ब्लॅकआउटच्या क्यूमध्ये मात्र सगळे चॅनल शून्यावर नेऊन ते शून्य प्रत्यक्ष नोंदवा. तसं न केल्यास नंतर जोडलेला एखादा लाइट ऐन अंधारात पेटलेला दिसतो.

तालमीत मागच्या क्यूवर जायचं असेल तर 'गो टू क्यू' वापरा. नाटक क्रमाने तिथवर आलं असतं तर मंचावर जो प्रकाश असता, तोच ते आणून देतं.

रेकॉर्ड आणि उरलेसुरले आकडे

इऑसवर साधं 'रेकॉर्ड' मंचावरची जवळजवळ सगळी स्थिती उचलतं, 'रेकॉर्ड ओन्ली' फक्त हाताने दिलेले बदल. त्यामुळे तालमीसाठी थोडा वर ठेवलेला सबमास्टर नकळत क्यूमध्ये शिरतो. ग्रँडएमए या दुसऱ्या कन्सोलवर गणित उलटं आहे: 'स्टोअर' फक्त प्रोग्रॅमरमधले (हाताने दिलेले आकडे तात्पुरते जिथे राहतात तिथले) सक्रिय आकडे घेतं. तिथे धोका असतो तो आधीच्या कामातून उरलेल्या आकड्यांचा. 'क्लिअर' एकदा दाबून काम होत नाही. पहिल्यांदा निवड सुटते, दुसऱ्यांदा आकडे निष्क्रिय होतात, तिसऱ्यांदा प्रोग्रॅमर रिकामा होतो. एका कन्सोलवरून दुसऱ्यावर जाणारे इथेच फसतात.

चालू प्रयोगात लाइट हाताने धरावा लागला, तर नंतर इऑसवर 'स्नीक' आणि 'एंटर' दाबा. चॅनल प्रेक्षकांच्या लक्षात न येता हळूच क्यूच्या ताब्यात परत जातो. लोक हे विसरतात आणि तो लाइट पुढच्या क्यूमध्येही तसाच का राहिला म्हणून डोकं धरून बसतात. पुढच्या क्यूमधली चूक मंचावर न दिसता दुरुस्त करायची असेल तर 'ब्लाइंड' उत्तम. फक्त इऑसवर ब्लाइंडमधले बदल आपोआप साठवले जातात, रेकॉर्ड दाबावं लागत नाही. तिथे गंमत म्हणून आकडे टाकून पाहू नका.

मूव्हिंग हेड (मोटारीने वळणारा लाइट) पेटतानाच प्रेक्षकांवरून झाडू मारत मंचाकडे वळत असेल, तर त्याला अंधारात जागेवर जायला वेळ मिळालेला नाही. इऑसवर 'मार्क', ग्रँडएमएवर 'मूव्ह इन ब्लॅक' हे काम करतात. पण लाइट आधीच्या क्यूमध्ये खरोखर शून्यावर असला तरच. शांत प्रसंगात मोटारींचा आवाज ऐकू येतो, तेव्हा ही हालचाल एखाद्या गोंगाटाच्या क्यूमध्ये उरकलेली बरी.

दोष कन्सोलचा नसतो तेव्हा

कन्सोल लाइटांना डीएमएक्स नावाच्या सिग्नलने आदेश देतो, आणि त्याच्या एका युनिव्हर्समध्ये (एका लाइनवरच्या गटात) 512 पत्ते असतात. 30 डीएमएक्स चॅनल, म्हणजे सलग 30 पत्ते घेणाऱ्या लाइटला 490 हा सुरुवातीचा पत्ता दिला, तर शेवटचे 7 चॅनल बाहेर पडतात. त्याला 483 च्या पुढचा पत्ता चालत नाही. डिमर वाढवल्यावर रंग बदलत असेल, तर लाइटवरचा मोड आणि पॅचमधला (कन्सोलवरच्या लाइट-पत्त्यांच्या नोंदीतला) मोड वेगळे असण्याची शक्यता मोठी. रांगेच्या टोकाचे लाइट लुकलुकत असतील तर शेवटी 120 ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रोधक) आहे का, आणि स्प्लिटरशिवाय (सिग्नल वाटून देणाऱ्या उपकरणाशिवाय) एकाच लाइनवर 32 पेक्षा जास्त उपकरणं जोडली आहेत का, ते बघा.

नेटवर्कवर दोन कन्सोल असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. दोन्हींचं प्राधान्य सारखंच, म्हणजे नेहमीचं 100, असेल तर बहुतेक रिसीव्हर (नेटवर्कवरचा सिग्नल घेणारी उपकरणं) दोघांपैकी जास्त लेव्हल उचलतात. तुमच्या कन्सोलवर शून्य दिसतं आणि लाइट पेटलेलाच राहतो. दुसऱ्या, म्हणजे बॅकअप कन्सोलचं प्राधान्य कमी करा.