पुण्याच्या गच्चीवरून गुरूचे चंद्र कसे नोंदवावेत

७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआ येथे गॅलिलिओने स्वतः घडवलेली, सुमारे वीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण गुरूकडे वळवली, तेव्हा गुरूच्या पूर्वेस दोन आणि पश्चिमेस एक अशा तीन बारीक चांदण्या त्याला एका रेषेत दिसल्या. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होत्या, ९ तारखेला आकाश ढगाळ राहिले, १० तारखेला पूर्वेस दोनच उरल्या आणि १३ तारखेला चौथी सापडली. दुर्बिणीचा शोध त्याचा नव्हे. ती १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्धीस आली होती. त्याचे खरे श्रेय असे, की त्याने एकाच ग्रहाकडे रात्रीमागून रात्र पाहिले आणि जे दिसले ते वेळेसह कागदावर उतरवले. पृथ्वी फिरत असती तर तिचा चंद्र मागे पडला असता, हा त्या काळातील वजनदार आक्षेप होता. गुरू स्वतः फिरत असूनही चार चंद्र त्याच्यासोबत राहतात, हे त्या नोंदींतून दिसले आणि सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीचा पाया हलला.

तीच नोंदवही आज पुण्यात कोणालाही करता येते. गुरू इतका तेजस्वी आहे की सदाशिव पेठेतील गच्चीवरूनही तो सहज दिसतो; त्यासाठी शहरातील दिव्यांपासून दूर सिंहगडावर जाण्याची गरज नाही. पावसाळ्याचे महिने मात्र सोडून द्यावेत आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री धराव्यात. गुरूची प्रतियुती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस येण्याची वेळ, साधारण तेरा महिन्यांनी येते. त्या सुमारास तो सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. तो कोणत्या राशीत आहे हे पंचांगात पाहावे. शुक्र नसेल तेव्हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत ठळक आणि न लुकलुकणारा ठिपका बहुधा त्याचाच असतो.

१० × ५० चा, म्हणजे दहापट मोठे दाखवणारा आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांचा बायनॉक्युलर पुरेसा आहे, परंतु तो हातात धरून चालणार नाही. हाताच्या सूक्ष्म थरथरीने चंद्र गुरूच्या तेजात विरून जातात, म्हणून तो तिपाईवर बसवावा. तिपाई नसल्यास गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून त्यावर टेकवावा आणि श्वास रोखून पाहावे. काहीच दिसले नाही असे सांगणारे अनेकजण भेटतात, त्यांच्या अडचणीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. या चार चंद्रांपैकी सर्वांत दूरचा कॅलिस्टो गुरूपासून फार तर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरापर्यंत जातो, त्यामुळे नजर गुरूच्या अगदी जवळ ठेवावी.

वहीत दर रात्रीसाठी एक आडवी ओळ आखून मध्यभागी ५ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. या प्रमाणात आयो वर्तुळाच्या मध्यापासून सुमारे १५ मिलिमीटरपर्यंत, युरोपा २४ पर्यंत, गॅनिमीड ३७ पर्यंत आणि कॅलिस्टो ६६ पर्यंत जातो, म्हणजे सगळे चित्र वहीच्या पानात मावते. लहान टेलिस्कोप असल्यास अंतरे गुरूच्या व्यासाच्या पटीत अंदाजावीत. बायनॉक्युलरमध्ये गुरूचे तेज पसरल्याने व्यास नीट कळत नाही. तेथे चंद्रांची परस्पर अंतरे प्रमाणात काढावीत. टेलिस्कोप प्रतिमा उलटी दाखवतो, त्यामुळे दिशांचा घोळ होतो. तो टाळण्यासाठी यंत्र स्थिर ठेवावे. गुरू ज्या बाजूने दृश्यक्षेत्राबाहेर सरकतो ती पश्चिम. तारखेसोबत वेळ मिनिटांपर्यंत लिहावी, कारण आयो अवघ्या साडेबेचाळीस तासांत प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि दोन-तीन तासांतही त्याची जागा बदललेली दिसते. एखाद्या रात्री तीनच चंद्र दिसले तर चौथा गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या सावलीत आहे असे समजावे आणि नोंद आहे तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी ग्रहांच्या जागा दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहून चित्र सुधारू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रत्येक रात्री कोणता ठिपका कोणाचा हे सुरुवातीला कळणार नाही. तीन आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक आल्या की सर्वांत दूर जाणाऱ्या ठिपक्यापासून सुरुवात करावी आणि तो त्याच टोकाला पुन्हा कधी पोचला ते मोजावे. कॅलिस्टोचा काळ सुमारे १६.७ दिवस आहे. एका दिवसाचा फरक पडला तरी निरीक्षण चांगले झाले असे मानावे. त्यानंतर सुमारे सव्वासात दिवसांचा गॅनिमीड शोधावा. तो चौघांत सर्वांत तेजस्वी असल्याने लवकर सापडतो.

आयोचे ग्रहण पाहायचे असेल तर मात्र टेलिस्कोप हवा. गुरूच्या सावलीत शिरताना तो काही मिनिटांत मावळतो, आणि याच ग्रहणांच्या वेळा पृथ्वी आणि गुरू यांतील अंतरानुसार मागेपुढे होतात हे पाहून १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर याने प्रकाशाला वेग असतो असे दाखवले. स्वतःजवळ टेलिस्कोप नसेल तर १९४४ पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शन कार्यक्रमांची चौकशी करावी आणि जाताना आपली वही सोबत न्यावी.