जपानी सिंगल ग्रेन व्हिस्की घरी चाखून कशी पारखावी

सिंगल ग्रेन चाखताना बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: तिच्यात माल्टची, म्हणजे निव्वळ बार्लीच्या माल्टपासून केलेल्या व्हिस्कीची, चव शोधली जाते. धूर नाही, सुक्या मेव्याचा जड गोडवा नाही, मग ‘पाणचट आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतात. या व्हिस्कीची पारख करायची ती जिभेवर ती किती दाट लागते आणि गिळल्यावर मागे काय उरतं यावरून. वास नाजूक असतो, म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत चाखताना आधी उकाडा आणि स्वयंपाकघर यांचा बंदोबस्त करावा लागतो.

लेबलवरच्या ‘सिंगल’चा संबंध डिस्टिलरीशी आहे: सगळी व्हिस्की एकाच ठिकाणी तयार झालेली. धान्य मात्र एकापेक्षा जास्त असू शकतं. सहसा मका मुख्य आणि स्टार्चची साखर करण्यासाठी थोडा बार्लीचा माल्ट. सुरुवातीला तीन बाटल्या पुरे. सनटोरीची चिता 43 टक्के अल्कोहोलची, आइची प्रांतातल्या डिस्टिलरीची. तिथे स्तंभांची (स्पिरिट वेगळं काढणाऱ्या उंच नळकांड्यांची) संख्या कमी-जास्त करून हेवी, मीडियम आणि क्लीन असं तीन वजनांचं स्पिरिट काढतात. निक्का कॉफी ग्रेन 45 टक्क्यांची. तिच्यात कॉफी नसते. एनियस कॉफी यांनी 1830 मध्ये पेटंट घेतलेल्या स्टिलचं, म्हणजे स्पिरिट काढायच्या यंत्राचं, ते नाव. निक्काने ही स्टिल 1963 मध्ये स्कॉटलंडहून आणली आणि 1999 मध्ये मियागिक्यो डिस्टिलरीत हलवली. आजच्या स्तंभांइतकी ती स्पिरिट ‘धुऊन’ काढत नाही, म्हणून मक्याचा तेलकटपणा शिल्लक राहतो. तिसरी किरीनची फुजी सिंगल ग्रेन, 46 टक्क्यांची, गोतेम्बाच्या डिस्टिलरीची. तीन वेगळ्या पद्धतींनी काढलेली ग्रेन व्हिस्की त्यात एकत्र केलेली असते.

तिन्ही एकट्याने विकत घेण्यापेक्षा चार जणांत मिळून घ्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंत दारू आणता येते, आणि या बाटल्या बहुधा त्याच वाटेने घरात येतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही. तो काढून ठेवा.

खोली, पाणी, ग्लास

वेळ सकाळी अकराची उत्तम. संध्याकाळी सातनंतर सोसायटीत प्रत्येक मजल्यावर फोडणी पडते आणि लसणीपुढे व्हॅनिलाचा टिकाव लागत नाही. रविवारी अकरालाच जिन्यात मटणाचा वास असतो, तेव्हा शनिवार बरा. उदबत्ती, डासांचं लिक्विड, रूम फ्रेशनर तासभर आधी बंद. दात घासून किंवा चहा पिऊन निदान एक तास गेलेला असावा.

मे महिन्यात खोली 32 अंशांवर असते. एवढ्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं आणि नाकाला फक्त चटका कळतो. बाटली आणि ग्लास दोन्ही एसीच्या खोलीत 22 ते 24 अंशांवर तासभर ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको: थंड व्हिस्कीचा वास दबतो, आणि आधीच हलक्या असलेल्या ग्रेनचं काहीच हाती लागत नाही. एसीच्या झोताखाली बसू नका, पंखा बंद ठेवा.

पाणी आरओचं घ्या. नळाचं पाणी ठाण्याचं असो वा मोरबे धरणाचं, त्यातल्या क्लोरिनचा वास अर्धा चमचा पाण्यातूनही ग्लासात उतरतो. आरओ नसेल तर पाच मिनिटं उघडं उकळून निववलेलं चालेल.

ग्लास तळाशी फुगीर, तोंडाशी अरुंद असावा; ग्लेनकेर्न (खास व्हिस्की चाखण्याचा ग्लास) नसेल तर छोटा वाइन ग्लास घ्या. कटिंगचा ग्लास वास धरून ठेवत नाही. गरम पाण्याने विसळून हवेवर वाळवा. कपाटात उपडे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास धरतात, हे चाखताना हमखास व्हिस्कीच्या माथी मारलं जातं.

वास

प्रत्येक ग्लासात 20 मिली ओता, वर बशी झाका, दहा मिनिटं थांबा. तिन्ही मिळून 60 मिली होतात, म्हणजे एक लार्ज पेग. त्यापुढे जिभेवर भरवसा ठेवू नये. कोणता ग्लास कुठला हे दुसऱ्याने तळाला खूण करून ठेवावं. नाव माहीत असलं की आपण नावालाच गुण देतो.

ग्लास गरगर फिरवू नका. आधी हनुवटीपाशी, मग ओठापाशी, तोंड किंचित उघडं ठेवून दोन-तीन सेकंद वास घ्या. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खळीचा वास घ्या. ते ताळ्यावर येतं. रंगाला गुण देऊ नका. जपानच्या उत्पादक संघाच्या नियमात (2021 पासून लागू) ‘जपानी व्हिस्की’ म्हणवायचं तर किमान तीन वर्षं जपानमध्ये लाकडी पिंपात मुरवणं बंधनकारक आहे, पण कॅरॅमलचा रंग घालायला मुभा आहे.

वासांची ओळख आदल्या दिवशी करून घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारातून ओलं खोबरं, पिकलेली वेलची केळी, मक्याचं कणीस, काकवी, दालचिनी आणा. घरातली कस्टर्ड पावडर काढा. कणीस गॅसवर भाजून घ्या. सगळं झाकणाच्या काचेच्या बरण्यांत ठेवा आणि डोळे मिटून ओळखा. खोबऱ्याचा वास येतो पिंपाच्या पांढऱ्या ओक लाकडातल्या लॅक्टोनमुळे, कस्टर्डचा पिंपाच्या लाकडातल्या व्हॅनिलिनमुळे, केळ्याचा यीस्टने आंबवताना तयार केलेल्या एस्टरमुळे. त्यामुळे ‘खोबरं’ असं लिहिलंत की पिंपाबद्दल काहीतरी नेमकं म्हटलेलं असतं. चाखण्याच्या दिवशी मात्र बरण्या बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक ग्लासात केळंच सापडतं.

नेलपॉलिशचा वास सुरुवातीला थोडा आला तर घाबरू नका, दहा मिनिटांत बहुधा जातो. अर्ध्या तासानेही तसाच असेल तर गुण कापा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुच खराब आहे. त्या बाटलीवरून त्या व्हिस्कीचा निकाल लावू नये.

घोट

पहिला घोट फक्त तोंड तयार करण्यासाठी, त्यावर काही लिहू नका. दुसरा 2-3 मिलीचा घ्या, आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा आणि जीभ टाळूला दाबा. जीभ सरकन सुटली तर व्हिस्की पातळ. साजूक तुपाचा हात लागल्यासारखा लेप राहिला तर बॉडी चांगली. कॉफी ग्रेनमध्ये हा लेप सहज कळतो, चितामध्ये तो शोधावा लागतो. गिळल्यावर घड्याळ बघा. दहा सेकंदांत सगळं संपलं तर फिनिश आखूड. वीस-तीस सेकंद गोडवा टिकला तर ग्रेनसाठी उत्तम. शेवटी चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा उरला तर लाकूड जास्त झालंय.

आता पाणी. तुलना करायची तर ते पहिल्या घोटाआधीच घालायचं. तीन व्हिस्की तीन तीव्रतेच्या आहेत, त्यामुळे जास्त टक्क्यांची नेहमीच ‘दमदार’ वाटते. मेडिकलमधून 5 मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा. अजून न चाखलेल्या 20 मिलीला 40 टक्क्यांवर आणायला चितात 1.5, कॉफी ग्रेनमध्ये 2.5 आणि फुजीत 3 मिली पाणी लागतं. हिशोब सोपा: 40 च्या वर जितके टक्के, त्याच्या निम्मे मिली. आंधळी चाचणी असेल तर हे पाणी खुणा करणाऱ्यानेच घालावं, आणि वासही या पाण्यानंतर पुन्हा घ्यावा. शेवटी ग्लासात उरलं असेल त्याच्या निम्मं पाणी घाला. चांगल्या ग्रेनमध्ये इथे मका आणि व्हॅनिला वर येतात; कच्च्या व्हिस्कीत नुसत्या स्पिरिटचा वास उरतो.

आमच्या तक्त्यात 100 पैकी वासाला 20, चवीला 25, बॉडीला 30, फिनिशला 25 गुण असतात. माल्टसाठी वासाला एवढे कमी देणं अन्यायाचं ठरेल, ग्रेनसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी हायबॉल करून बघा, कारण जपानमध्ये चिता बऱ्याचदा तशीच पितात. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, 30 मिली व्हिस्की घालून ढवळा, मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला सोडा 110 मिली, ग्लासाच्या कडेने. चमचा तळापासून एकदाच वर उचला, जास्त ढवळलं तर बुडबुडे जातात. बर्फ फ्रीझरमध्ये सुरमईशेजारी जमवलेला असेल तर दोन दिवस आधी झाकणाच्या ट्रेमध्ये नवा लावा. सोड्यातही गोडवा आणि लेप जाणवला तर आदल्या दिवशीचे बॉडीचे गुण बरोबर होते.

उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बुच खातं. खिडकीपासून आणि गॅसच्या वरच्या कपाटापासून दूर, लॉफ्टवर तर नकोच. एक तृतीयांश उरली की छोट्या काचेच्या बाटलीत काठापर्यंत भरून ठेवा, आणि तुलनेसाठी वापरायची असेल तर दोन-तीन महिन्यांत वापरा.