क्रुसाची खूण सावकाश करताना

जेवणापूर्वी, गाडीला किक मारण्यापूर्वी, चर्चच्या दारातून आत शिरताना कॅथलिक माणूस क्रुसाची खूण करतो, आणि बहुतेक वेळा ती इतक्या घाईने उरकली जाते की कपाळावरून निघालेला हात छातीपाशीच वळतो, खांद्यापर्यंत पोहोचत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरताना मैदानाला हात लावून तो कपाळी नेणारा खेळाडूही कित्येकदा धावता धावताच ते करून टाकतो. सवय वाईट नाही. सवयीमुळेच अडचणीच्या क्षणी हात आपोआप उठतो. मात्र दिवसातून निदान एकदा, शक्यतो सकाळी उठल्यावर, ही खूण पूर्ण करावी.

प्रथम थांबावे. डावा हात छातीखाली टेकवावा आणि उजव्या हाताची पाचही बोटे जुळवून सरळ ठेवावीत. या पाच बोटांत अनेक जण ख्रिस्ताच्या पाच जखमा पाहतात. ‘पित्याच्या’ म्हणताना बोटांची टोके कपाळाला खरोखर टेकवावीत आणि आज डोक्यात जे काही चालले आहे ते त्याच्यापुढे ठेवावे. ‘आणि पुत्राच्या’ म्हणताना हात सरळ खाली छातीवर आणावा. वरून खाली येणाऱ्या या रेषेत पुत्र स्वर्गातून आपल्यात उतरला ही श्रद्धा आहे, म्हणून ती आखूड करू नये. त्यानंतर ‘आणि पवित्र’ म्हणत डावा खांदा, ‘आत्म्याच्या’ म्हणत उजवा. ज्या खांद्यांवर घराचा, कर्जाचा, आजारपणाचा भार असतो, त्यांनाच हा स्पर्श होत असतो, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. ‘नावाने’ हा शब्द मराठीत शेवटी येतो, तेव्हा तो म्हणत दोन्ही हात जोडावेत आणि मगच ‘आमेन’ म्हणावे. श्वास मोजण्याची गरज नाही; हा प्राणायाम नव्हे, प्रार्थना आहे.

हे शब्द बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती समाजात घेण्याच्या विधीच्या, आज्ञेत येतात. म्हणून दाराजवळच्या पवित्र पाण्यात बोटे बुडवताना आपला बाप्तिस्मा आठवावा, आणि पाणी झटकून टाकण्याऐवजी कपाळाला लागू द्यावे. शुभवर्तमानाच्या वाचनाआधी अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर जे तीन छोटे क्रूस काढतात, तेही एकमेकांत मिसळू न देता वेगवेगळे काढावेत.

शेजारी वेगळ्या पद्धतीने करीत असेल तर त्याला दुरुस्त करू नये. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेत तीन बोटे त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवासाठी, जुळवतात, उरलेली दोन ख्रिस्ताचे देवपण आणि मनुष्यपण दर्शवण्यासाठी तळहाताशी मिटतात आणि हात उजव्या खांद्यावरून डाव्याकडे नेतात. इ.स. १२०० च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी वर्णिलेली खूणही तीन बोटांची आणि उजवीकडून डावीकडे जाणारी होती.

कोल्हापुरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग प्रोटेस्टंट आहे. १८५२ मध्ये येथे आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या कार्याशी त्याची मुळे जोडलेली आहेत, आणि या समाजाच्या भक्तीत ही खूण सहसा नसते. तरी ज्यांना ती परकी वाटते त्यांनी एवढे जाणावे की प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे श्रद्धा शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिकेत, सकाळी उठताना आणि रात्री निजताना ती करण्यास सांगितले आहे. त्याच्याही बरेच आधी, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीस, उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यांनी नोंदवले की ख्रिस्ती लोक घरातून निघताना, आत येताना, जेवायला बसताना, दिवेलागणीला कपाळावर ही खूण करीत. तेव्हा ती फक्त कपाळापुरती, अंगठ्याने किंवा एका बोटाने काढलेली असे.

तीच छोटी खूण दुसऱ्यासाठीही करता येते. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील बाळाच्या कपाळावर ती करतात. शाळेला निघालेल्या मुलाच्या कपाळावर रोज करायला हरकत नाही, फक्त रिक्षावाल्याने हॉर्न वाजवण्याआधी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात एखाद्या रुग्णाला भेटायला गेल्यास आधी त्याला विचारावे, हात स्वच्छ करावेत, शब्द त्याला ऐकू येतील अशा आवाजात म्हणावेत, आणि कपाळावर पट्टी असेल तर खूण त्याच्या तळहातावर करावी.