ब्रॅकेट छापण्याआधी: शाळेच्या कार्यशाळेत ताणाचं सिम्युलेशन

सिम्युलेशन, म्हणजे भाग बनवण्याआधी संगणकावर त्याचा ताण आजमावणं, शिकताना पहिला भाग साधा निवडा. भिंतीवर २ किलोची कुंडी टांगणारा एल आकाराचा ब्रॅकेट उत्तम. उभी पट्टी दोन स्क्रूंनी भिंतीला, खालून बाहेर आलेला आडवा हात ६० मिमी लांब, २० मिमी रुंद, ६ मिमी जाड. साहित्य पीएलए (थ्री-डी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक), कारण अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत थ्री-डी प्रिंटर बहुधा असतोच.

संगणक सुरू करण्याआधी कागदावर हिशोब करा. २ किलो म्हणजे सुमारे १९.६ न्यूटन. हाताच्या मुळाशी वाकण्याचा ताण = ६ × भार × लांबी ÷ (रुंदी × जाडीचा वर्ग), म्हणजे साधारण ९.८ मेगापास्कल. लवचिकता गुणांक (साहित्य किती ताठ आहे त्याचा आकडा) ३००० मेगापास्कल धरला तर टोक सुमारे १.३ मिमी खाली येतं. हे दोन आकडे वहीत नसतील तर पडद्यावरचं उत्तर बरोबर की चूक हे कळायला मार्गच उरत नाही.

आता फ्रीकॅड, म्हणजे थ्री-डी रेखाटनाचं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. फेम (FEM) या ताण काढण्याच्या वर्कबेंचमध्ये अॅनालिसिस तयार करा, साहित्य द्या, स्क्रूच्या भोकांचे आतले पृष्ठभाग स्थिर करा, टोकावर बल लावा, मेश करा (भागाचे छोटे तुकडे, म्हणजे घटक, पाडा) आणि कॅल्क्युलिक्स हा गणित सोडवणारा प्रोग्राम चालवा. बलाच्या बाणाची दिशा डोळ्यांनी तपासा. उत्तर दहापट कमी आलं, तर न्यूटनच्या जागी किलोचा आकडा भरला गेलाय का ते आधी पाहा.

सर्वात जास्त घोळ होतो तो आधार देताना. उभ्या पट्टीची सगळी मागची बाजू स्थिर केली तर ब्रॅकेट जणू भिंतीतच ओतलेला होतो आणि फार ताठ दिसतो. फक्त भोकं स्थिर केली, तर पट्टीचा खालचा भाग भिंतीत घुसू शकतो. खरी भिंत तसं होऊ देत नाही. दोन्ही प्रकारे चालवून पाहा. खरं उत्तर साधारण या दोहोंच्या मध्ये असतं.

मेशच्या घटकाचा आकार आधी ४ मिमी, मग २, मग १ ठेवा, आणि घटक दुसऱ्या कोटीचे (सेकंड ऑर्डर, ज्यांच्या कडा वाकू शकतात) निवडा. पहिल्या कोटीचे चतुष्फलक वाकताना उगाच ताठ वागतात. मेश बारीक केल्यावर ताण ५ टक्क्यांहून कमी बदलला की पुरे. आतला कोपरा धारदार असेल तर मात्र आकडा वाढतच जाईल. तिथे गणिती ताण अनंताकडे जातो, मेश कितीही बारीक करा. कोपऱ्याला ४ मिमीचं फिलेट (गोलाई) द्या. ते नुसतं गणितासाठी नाही: या रचनेत आतल्या कोपऱ्यावर ओढ येते आणि खरा ब्रॅकेटही तिथूनच तडकतो.

लाल रंगाला घाबरू नका. लाल म्हणजे या मॉडेलमधला सर्वाधिक ताण, एवढंच; शेजारच्या रंगांच्या पट्टीवरचा आकडा वाचा. वाकलेलं चित्रही बहुधा कित्येक पटींनी फुगवलेलं असतं. पीएलए वाकून इशारा न देता तुटतो, म्हणून व्हॉन मिसेससोबत (सगळ्या दिशांचे ताण एकत्र करून काढलेला आकडा) कमाल मुख्य ताणही (सर्वात मोठी ओढ) पाहा. आकडा जास्त वाटला तर जाडी वाढवा: जाडी दुप्पट केली की वाकण्याचा ताण चौथाई होतो आणि झुकणं एक-अष्टमांश.

सिम्युलेशन भाग भरीव आणि सर्व दिशांना सारखा मजबूत धरतं, छापलेला भाग तसा नसतो. ब्रॅकेट कुशीवर झोपवून छापा, म्हणजे थर एलच्या आकारात जातील. हात उभा राहील असा छापला तर ओढ थरांच्या जोडावर येते आणि हात मुळाशी सुटतो. इन्फिल (आतली जाळी) वाढवण्याआधी छापील भागाच्या बाहेरच्या भिंती ४-५ करा. वाकताना बाहेरचीच कातडी जास्त भार घेते. पीएलए कायमच्या भाराखाली हळूहळू झुकत राहतो आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा सुरक्षा गुणक (साहित्याची ताकद ÷ येणारा ताण) किमान ४ ठेवा आणि कुंडी सावलीत टांगा.

शेवटी ब्रॅकेटला बादली टांगा, जमिनीपासून जेमतेम वर, आणि गॉगल घाला. रिकामी बादली आधी तोला. मग अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. प्रत्येक वेळी अर्धा किलो वाढतो. टोक किती झुकलं ते व्हर्निअरने मोजून नोंदवा. मोजलेलं झुकणं हिशोबापेक्षा बरंच जास्त आलं तर आधी स्क्रू घट्ट करून पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर लवचिकता गुणांक कमी करून मॉडेल पुन्हा चालवा.