शास्त्रातले कट कसे वाचावेत: एका कोर्टाच्या कारकुनाची पद्धत

नोकरी सगळी सोलापूरच्या कोर्टात गेली, कारकुनाच्या टेबलावर. आता रविवारी चर्चमध्ये उपासना झाली की तरुण संघातली पोरं बायबलमधलं शमुवेल नाहीतर राजे ही पुस्तकं उघडून येतात. "काका, कोण कुणाच्या बाजूचं, कळंनाच की!" मी सांगतो, कट कुणी रचला ते नंतर. आधी कागद आणि निरोप कुणाच्या हातून कुठं गेला ते बघा.

साधी वही घ्या. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं ज्यांना कट ठाऊक होता ते, उजवीकडं ज्यांना नव्हता ते. नाव नसलेली माणसंसुद्धा लिहायची. दासी, पोरगा, भाचा, सगळी.

सुरुवात 1 राजे 21 पासून, म्हणजे राजे नावाचं पहिलं पुस्तक, अध्याय 21. वचनं 29च आणि भानगड जमिनीची. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला हवाय, तो वडिलोपार्जित वतन म्हणून देत नाही. (सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या द्राक्ष बागायतदाराला हा अध्याय समजवावा लागत नाही.) ईजबेल राणी राजाच्या नावानं पत्रं लिहिते, त्याचीच मोहर मारते, गावच्या वडीलधाऱ्यांना धाडते: उपास जाहीर करा, नाबोथाला पुढं बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, देवाला नि राजाला शिव्या दिल्या असं त्यांना बोलू द्या, मग दगडमार. साक्षीदार दोन का? बायबलमधलं नियमांचं पुस्तक 'अनुवाद', त्यातलं 17:6 (अध्याय 17, वचन 6) काढा. देहदंडाला दोन-तीन साक्षी लागतातच. म्हणजे खून कायद्याच्या चौकटीत बसवलाय.

आता वचन 14 वर बोट ठेवा. पत्र गेलं राजाच्या नावानं, पण "नाबोथ मेला" हा निरोप परत आला ईजबेलीकडं. वडीलधारे कुठल्या रकान्यात जातात ते आता तुम्हीच ठरवा. आणि एवढ्यावर वही मिटू नका. 2 राजे 9:26 मध्ये नाबोथाच्या मुलांच्याही रक्ताचा उल्लेख येतो. 21 व्या अध्यायात त्यांचं नावही नाही. वारस उरला की दावा उरतो, हे कोर्टात बसलेल्याला लगेच दिसतं.

मग 2 शमुवेल 15 ते 18, दावीद राजाविरुद्ध त्याच्याच मुलाचं, अबशालोमाचं बंड. हे सावकाश वाचा, माणसं फार आहेत. नवस फेडायला म्हणून तो हेब्रोनला जातो, सोबत यरुशलेमची 200 माणसं, आणि 15:11 स्पष्ट सांगतं की त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ती सगळी उजवीकडं. दाविदाची बातमी कशी पळते ते 17:17-20 मध्ये आहे: दासी एन-रोगेलला निरोप पोचवते, एक पोरगा बघून चहाडी करतो, बहूरीमची एक बाई विहिरीवर झाकण पसरून वर धान्य टाकते आणि आत लपलेल्या दाविदाच्या दोन निरोप्यांना वाचवते. दाविदाचा सल्लागार अहीथोफेल त्याला सोडून अबशालोमाकडं का गेला, ते शास्त्र सांगत नाही. पण 11:3 आणि 23:34 शेजारी ठेवा. दोन्हीकडं अलीयाम आहे. एक बथशेबेचा बाप (दाविदानं जिच्या नवऱ्याला मारवून तिला बायको केलं ती), दुसरा अहीथोफेलाचा मुलगा. एकच माणूस असेल तर बथशेबा अहीथोफेलाची नात. पेन्सिलनं लिहा, शाईनं नको.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये 23 मला सगळ्यात आवडतं. येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाला मारल्याशिवाय खाणार-पिणार नाही अशी 40 पेक्षा जास्त जणांनी शपथ घेतली आणि जाऊन मुख्य याजकांना सांगूनही टाकलं! एवढ्या तोंडांतून गेलेली गोष्ट पौलाच्या बहिणीच्या मुलानं ऐकली यात नवल काय? रात्रीच 200 शिपाई, 70 घोडेस्वार, 200 भालाईत देऊन रोमी सरदार लुसियानं पौलाला कैसरीयाला सुभेदाराकडं रवाना केलं. कट करणारे यहूदी, तसाच पौलही यहूदी, भाचाही. सगळ्या समाजावर खापर फोडणारा पोरगा आमच्या वर्गात उभा राहिला तर मी त्याला वही दाखवतो.

लुसियानं सुभेदाराला लिहिलेलं पत्र याच अध्यायात वचन 26 ते 30 मध्ये आहे. हा रोमी नागरिक आहे हे कळल्यावर आपण सोडवलं, असं साहेब लिहितात. मागं जाऊन 21:33 आणि 22:24-29 वाचा: आधी साखळदंड, मग फटक्यांचा हुकूम, रोमी असल्याचं कळलं त्यानंतर. असले अहवाल मी ढिगानं फायलीला लावलेत.

पुढच्या रविवारसाठी एस्तेर, पुरे 10 अध्याय. एस्तेर राणीचा चुलतभाऊ मर्दखय, त्यानं राजाचा जीव वाचवल्याची नोंद 2:23 ला होते आणि राजाला ती वाचून दाखवतात थेट 6 व्या अध्यायात, तेही झोप येईना म्हणून. मधल्या काळात हामान प्रधानाचा यहूद्यांना मारायचा हुकूम कुठल्या तारखेला, कुणाच्या मोहरेनं निघाला, ते रकान्यात भरून आणा.