नाशिकहून ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, दिल्ली: सहल स्वतः आखताना

बहुतेक यात्रा कंपन्यांचा कार्यक्रम दिल्लीपासून सुरू होतो: दिल्ली, आग्रा, जयपूर आणि परत दिल्ली. विमानाने येणाऱ्यांसाठी तो ठीक आहे. नाशिककरांनी रेल्वेचा नकाशा आधी बघावा. नाशिकरोडवरून उत्तरेला जाणारी लाईन भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा असं करत मग दिल्लीला पोहोचते. थेट दिल्ली गाठली तर आग्र्यासाठी दोनशे किलोमीटर उलटं यायचं आणि वाटेतलं ग्वाल्हेर खिडकीतूनच बघायचं. शेवट जयपूरला केला तर आणखी पंचाईत. तिथून मुंबईला येणाऱ्या गाड्या कोटा, बडोदा, सुरत मार्गे येतात आणि नाशिक त्या वाटेवर नाही. म्हणून क्रम असा धरा: नाशिकरोड, ग्वाल्हेर, आग्रा, गाडीने जयपूर, तिथून दिल्ली आणि दिल्लीहून घर.

कधी जायचं

फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबरचा शेवट चालतो, पण दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीची हवा फटाके आणि शेतातल्या जाळामुळे इतकी खराब होते की दम्याच्या माणसाला नेऊच नये. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याचे दिवस. निफाडची थंडी अंगवळणी पडलेल्यांना वाटतं, थंडीच ना, स्वेटर घेऊ. त्रास थंडीचा नसतो, धुक्याचा असतो. गाड्या चार-सहा तास उशिरा धावतात, पुढची जोडगाडी चुकते आणि पहाटे उठून ताजमहालापुढे उभं राहावं तर घुमटच दिसत नाही. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि तिथलं संगमरवर, लाल दगड दुपारी अनवाणी चालण्याजोगं राहत नाही. शाळेची सुट्टी तेवढीच मिळत असेल तर त्या दिवसांत हिमाचल गाठलेलं बरं.

२०२७च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या आगेमागे नाशिकरोडच्या गाड्यांना आरक्षण मिळणं अवघड जाईल, तेही लक्षात ठेवा.

आधी वार, मग तारीख

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद. जामा मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत. या तीन गोष्टी सांभाळून वार बसवले की बाकीचं आपोआप जुळतं. आग्र्याचा किल्ला, फतेहपूर सिक्री, कुतुबमिनार, हुमायूनची कबर ही ठिकाणं रोज उघडी असतात.

या हिशेबाने सोयीचा ठरतो तो शुक्रवारी रात्री निघून दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी परतण्याचा कार्यक्रम. नोकरदाराला मधल्या आठवड्याची रजा टाकावी लागते आणि सोमवारी थोडं उशिरा कामावर जावं लागतं.

आरक्षण

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: जायचं आणि यायचं तिकीट एकाच दिवशी निघत नाही. शुक्रवारी निघून पुढच्या आठवड्याच्या रविवारी परतीची गाडी असेल, तर परतीचं आरक्षण नऊ दिवसांनी उघडतं. ते विसरलं की येताना वेटिंग, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट कन्फर्म झालं नाही तर रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. मोबाइलवर दोन्ही तारखांचे गजर लावा.

जायला पंजाब मेल सोयीची. मुंबईहून संध्याकाळी निघते, नाशिकरोडला रात्री येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला सोडते. नाशिकरोडच्या कोट्यात जागा कमी दिसत असतील तर तिकीट मुंबई सीएसएमटीपासून काढा आणि बोर्डिंग स्टेशन नाशिकरोड टाका. भाडं थोडं जास्त पडतं, पण सुरुवातीच्या स्टेशनचा कोटा मोठा असतो. बोर्डिंग मात्र तिकीट काढतानाच बदला. ते राहिलं तर मुंबईला तुम्ही चढला नाहीत म्हणून टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. नाशिकरोडवरून काहीच मिळालं नाही तर मनमाड बघावं. पुण्या-दौंडकडून येणाऱ्या कर्नाटक, गोवा, झेलम या गाड्या नाशिकला येत नाहीत, पण मनमाडला थांबतात.

परतीला निजामुद्दीन–मुंबई राजधानी. दिल्लीहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, नाशिकरोडला सकाळी उतरवते. मधल्या दोन छोट्या प्रवासांपैकी ग्वाल्हेर–आग्रा दोन तासांच्या आतबाहेरचा, दिवसभर गाड्या आहेत. जयपूर–दिल्लीला संध्याकाळची शताब्दी पकडली की रात्री दिल्लीत. या चारही तिकिटांवर नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, आणि तत्काळवर विसंबायचं असेल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा.

ओझरहून दिल्लीला विमान आहे. पण त्याने गेलात तर वर सांगितलेला क्रम उलटतो, म्हणून विमान वापरायचंच तर परतीला वापरा.

ग्वाल्हेर: शनिवार दुपार आणि रविवार

शनिवारी उतरल्यावर फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि शिंद्यांच्या छत्र्या होतात. किल्ला रविवारी सकाळी. किल्ल्याला दोन वाटा आहेत आणि कोणती चढायला, कोणती उतरायला हे ठरवण्यातच अर्धी सहल वसूल होते. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी वर जाते; त्याच घाटात कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथे गाडी थांबवायला सांगा. वर सास-बहू मंदिर, तेली का मंदिर आणि मानसिंह तोमराचा निळ्या टाइलांचा मानमंदिर महाल बघायचा. मग गाडी खाली पाठवून हत्ती पोळमधून पूर्वेच्या वाटेने पायी उतरायचं. ही वाट वाहनांची नाही, उतार मोठा असला तरी दगडी आहे. वाटेत कातळात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखं शून्य लिहून कोरले आहेत. गाडीनेच खाली येणाऱ्यांना हे दिसत नाही. पायथ्याला गुजरी महालातलं संग्रहालय आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र गाडीनेच उतरावं.

संध्याकाळच्या गाडीने आग्रा.

आग्रा: सोमवार

मुक्काम ताजगंजमध्ये, पूर्व किंवा पश्चिम दरवाजाजवळ घ्या. स्टेशनजवळचं हॉटेल स्वस्त असतं, पण पहाटेच्या रिक्षात तो फरक जातो. ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा: भारतीयांना प्रवेश ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चबुतऱ्यावर जायचं असेल तर आणखी २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट तीन तासांसाठी चालतं. दूरवरून आलेल्या माणसाने २०० रुपये वाचवू नयेत. दगडात दगड बसवलेली ती फुलं चबुतऱ्यावर गेल्याशिवाय कळत नाहीत.

तपासणीत अडकवणाऱ्या गोष्टी म्हणजे खाण्याचे पदार्थ, तंबाखू-गुटखा, लायटर, ट्रायपॉड आणि मोठी बॅग. लाडू-चिवड्याचा डबा हॉटेलवरच ठेवा. पाण्याची बाटली चालते. गाड्यांना जवळ सोडत नाहीत, पाचशे मीटरवर थांबून बॅटरीच्या गाडीने किंवा चालत जायचं.

नऊ-साडेनऊला बाहेर पडून नाश्ता: बेडई, बटाट्याची रस्साभाजी आणि जिलेबी. थोडी विश्रांती घेऊन अकराला आग्र्याचा किल्ला. आत अमरसिंह दरवाजाने जातात आणि समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच किल्ल्यात. त्याच वर्षीच्या जानेवारीत शाहजहानचा याच किल्ल्यात कैदेत मृत्यू झाला होता. त्याचा मुसम्मन बुरूज आणि दरबाराच्या इमारती एकाच फेरीत होतात. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, म्हणून दोन तास पुरतात.

दुपारी यमुना ओलांडून पलीकडे जा. इतमाद-उद-दौलाची कबर आणि मेहताब बाग दोन्ही त्याच काठावर आहेत. पहिली तीनला आणि बाग मावळतीला धरली की रिक्षाची एकच फेरी पुरते. रिक्षावाला मध्येच 'सरकारी संगमरवर दुकान' दाखवतो म्हणाला तर नको म्हणा; त्याला तिथून कमिशन मिळतं.

गाडीने जयपूर: मंगळवार

आग्रा ते जयपूर सुमारे २४० किलोमीटर. रेल्वेने गेलं तर फतेहपूर सिक्री आणि आभानेरी दोन्ही हुकतात, म्हणून हा एक टप्पा खासगी गाडीने करावा. गाडी ठरवताना पाच गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे भाड्यात धरलेत का, राजस्थानचा प्रवेश कर कोणाकडे, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता. वाद होतो तो नेहमी राज्याच्या हद्दीवर, आणि तिथे तुम्हाला दुसरी गाडी मिळत नाही.

सातला निघा. सिक्री ३७ किलोमीटरवर. इथे खोट्या गाईडांचा सुळसुळाट आहे. पार्किंगपासूनच कोणीतरी मागे लागतो, 'तिकीट नाही, दर्ग्याची सेवा' म्हणतो आणि शेवटी चादर, धागे, संगमरवरी हत्ती गळ्यात मारतो. दोन भाग वेगळे आहेत हे माहीत असलं की फसायला होत नाही. अकबराच्या महालांना तिकीट लागतं. बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तींचा दर्गा यांना लागत नाही. गाईड हवाच असेल तर तिकीटखिडकीजवळ ओळखपत्र बघून घ्या आणि पैसे आधी ठरवा.

दहा-साडेदहाला निघालं की दुपारी आभानेरीची चांद बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. तेरा मजले खोल, सुमारे साडेतीन हजार पायऱ्या. आता खाली उतरू देत नाहीत, कठड्यावरून बघायचं, त्यामुळे पाऊण तास पुरे. अंधार पडायच्या आत जयपूर.

जयपूर: बुधवार, गुरुवार

आमेर, जयगड आणि नाहरगड एकाच डोंगररांगेत आहेत आणि नाहरगडाचा गाडीरस्ता आमेरच्या बाजूनेच जातो, म्हणून तिन्ही बुधवारी. आमेरला आठला हजर राहा, दहानंतर बसगाड्यांची गर्दी येते. जयगडावरची जयबाण तोफ १७२०ची. सूर्यास्त नाहरगडावर.

गुरुवारी सकाळी हवामहाल रस्त्यावरून बघा. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, दुपारनंतर फोटो काळा येतो. मग जंतरमंतर. सूर्याच्या सावलीवर वेळ सांगणारी यंत्रं ढगाळ दिवशी नुसती बांधकामं वाटतात, तसं आभाळ असेल तर आधी सिटी पॅलेस करा. हवामहाल, जंतरमंतर, आमेर, नाहरगड यांना मिळून एक जोडतिकीट मिळतं, ते दोन दिवस चालतं, म्हणून बुधवारी आमेरलाच घ्या. सिटी पॅलेस आणि जयगड त्यात नाहीत. संध्याकाळी शताब्दी.

दिल्ली: शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी साडेनऊला लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये वर बघा: तिथलं चांदीचं छत १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवलं. दुपारी चांदणी चौकात पराठे खाऊन तिथूनच मेट्रोची यलो लाईन घ्या, गाडी न बदलता कुतुबमिनार स्टेशन येतं. स्टेशनपासून मिनारापर्यंत रिक्षा.

शनिवारी पानिपत. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर. १७६१च्या युद्धाचं काला आंब स्मारक शहराबाहेर आहे. तिथे स्तंभ आणि बाग आहे, किल्ला-तटबंदी काही नाही, हे मुलांना आधी सांगा. सकाळी सातला दिल्ली सोडली तर दुपारी तीनपर्यंत परत येता येतं.

दिवस कमी असतील तर आग्रा घाईत उरकू नका, जयपूर सोडा. ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली एकाच लाईनवर आहेत. सहल तीन-चार दिवसांनी कमी होते आणि गाडीभाडंही वाचतं. फक्त वार पुन्हा तपासा, कारण मग लाल किल्ला सोमवारी येऊ शकतो.

रविवार परतीचा. हुमायूनची कबर निजामुद्दीन स्टेशनच्या जवळ आहे, म्हणून ती शेवटी ठेवली. सकाळी हॉटेल सोडून सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, तेव्हा प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप नाशिकहूनच न्या, आणि तिकिटाचा पीएनआर व ओळखपत्र हाताशी ठेवा. कबर आणि भोवतीची बाग बघून, जेवून साडेतीनपर्यंत स्टेशनवर या. रविवारी क्लोकरूमपुढे रांग असते, सामान सोडवायला अर्धा तास हाताशी असू द्या.